दुसऱ्या खणातलं सिम

११ जानेवारी, रविवार

चहा चुलीवर होता. अंगण झाडून झालं होतं, चिकूची पानं कोपऱ्यात लोटली होती. कोंबड्यांना कण्या टाकत होते तेवढ्यात हे विहिरीवरून ओरडले, "शैला, स्टार्टर दाब." सूप तसंच ठेवून गेले. हिरवं बटण दाबलं. मोटर सुरू झाली. हे डोळे मिटून फोन तिच्यापाशी धरून उभे. थोड्या वेळाने म्हणाले, "बंद कर आता." बंद केली. परत येते तर चहा उतू गेलेला. त्यावरून मी थोडं बोललेही.

एवढंच. ती काही शेवटची सकाळ नव्हती. शेवटची मला नीट आठवतही नाही. ही आठवते, कारण ती फोनमध्ये आहे. विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करणं हे यांचं काम. चिंचणीपासून वाणगावपर्यंत जिथे जायचे तिथला आवाज भरून आणायचे आणि घरी निवांत ऐकायचे — बेअरिंग गेलंय की आणखी काय ते ठरवायला. आधी स्वतःच्या आवाजात फक्त गाव आणि नाव. "वरोर. चुरींची विहीर." मग नुसती मोटर. आमच्या विहिरीच्या आवाजाला शेवटी "बंद कर आता" आहे. दोन वर्षं झाली, तेवढंच ऐकते.

आज तो फोन फुगला. बॅटरी सुजून पाठीचं झाकण वर आलंय. रबर लावून ठेवलाय. रूपलला सांगितलं तर म्हणाली, "मम्मी, तो बॉम्ब आहे. आधी घराबाहेर ठेव."

घराबाहेर कसा ठेवू? फोन यांचा. हे गेल्यावर मी माझं सिम त्यातच घातलं. आम्ही दोघं त्यात आहोत.

१२ जानेवारी

बोईसरला गेले. रूपल स्टेशनजवळच्या दुकानात उभीच होती. दुकानदार कमलेश, तिच्या ओळखीचा.

माझ्या ऐपतीत दोन बसतात. एक निळा, एक राखाडी. निळ्यात दोन सिमं आणि यांचे आवाज आहेत ते कार्ड, तिन्हींना वेगळे खण. पण जड. दुपारी आडवं पडून वाचायची मला सवय, तो तोंडावरच पडायचा. राखाडी हलका, फोटो स्वच्छ, अक्षरंही ठळक. पण त्यात दोनच खण. एकात माझं सिम. दुसऱ्यात यांचं सिम, नाहीतर कार्ड.

मी म्हटलं, "मग निळाच."

रूपल म्हणाली, "जड आहे म्हणून आत्ताच नाक मुरडलंस ना? आणि पप्पांचा नंबर कशाला हवाय आता? कोण करतं फोन?"

"करतात."

"आणि तू काय सांगतेस?"

कमलेशने चहा मागवला. उद्या-परवा सांगते म्हणून निघून आले.

१३ जानेवारी

आजच आला एक. घिवलीहून.

"शांतारामभाऊ हायत का?"

"ते नाहीत. वारले. दोन वर्षं होतील."

तो म्हणाला, "मना म्हाईत नाय वहिनी. आमच्या मोटरखोपीवर त्यांनीच रंगवलेला नंबर. रोज बघतो तो." आणि मग, ओशाळून, "दुसरा कोण हाय का वो? मिरची सुकते."

मी म्हटलं, नाही.

खरं तर आहे. अंकुश आहे. वाणगावजवळच्या पाड्यातला. मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हापासून यांच्याबरोबर. पंप विहिरीतून वर घ्यायचा तर एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला तो. आता बायको आहे, मुलगी आहे. यांच्या तेराव्याला पंगत उठली आणि तो माझ्यापाशी येऊन म्हणाला, "काकी, भाऊंचा नंबर मना द्याल का? भिंतीभिंतीवर तोच हाय."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "चिता गार झाली नाही अजून. लाज वाटत नाही?" चार माणसांत बोलले. तो पान-सुपारी न घेता गेला.

नंबर त्याच्याकडे गेला तर लोक म्हणतील, अंकुशचा नंबर. वर्षभरात भाऊ कोण, ते विसरतील. आत्ता फोन वाजतो आणि समोरचा "हायत का" म्हणतो, तेवढ्यापुरते हे कुणाच्या तरी विहिरीवर गेलेले असतात. पुढचं मी सांगेपर्यंत.

१४ जानेवारी, संक्रांत

हळदीकुंकू शेजारी. हसण्याचे आवाज येत होते. तीळगूळ मुलीच्या हाती पाठवला त्यांनी. पुस्तक घेऊन बसले, एकच पान वाचत राहिले.

१६ जानेवारी

आपली मोटर पाणी ओढेना. सुरू होते, घरघरते, पाट कोरडाच. बोईसरचा एक मेकॅनिक आणला. त्याने उघडली, लावली, पैसे घेतले. "अब चलेगा मौसी." तो कोपऱ्यावर वळेपर्यंत चालली.

राहीबाई वाडीत कामाला येते. अंकुशच्याच पाड्यातली. डोक्यावर हंडा घेऊन विहिरीपाशी उभी राहून म्हणाली, "त्याला का नाय बोलवत?"

"कुणाला?"

"उगाच विचारतेस. तो चालला वापीला. कंपनीत गोणी उचलायला. घरवाली पण जाते. पोरीला म्हातारीपाशी ठेवतात."

"मोटारींचं काम सोडलं?"

"काम कुठं हाय? लोक भाऊच्या नंबरला लावतात. भाऊ उचलत नाय. तू उचलतेस." हंडा सावरत म्हणाली, "चेन-पुली पण इकायला काढली त्याने."

पंप वर ओढायची ती चेन-पुली यांची होती. यांनीच दिलेली त्याला. दिवसभर बादलीने केळींना पाणी घातलं. मनगट दुखतंय.

१७ जानेवारी

वेड्यासारखं केलं आज. माझ्या नंबरवरून यांचा नंबर लावला. दोन्ही सिमं एकाच फोनात, लागणार कसा. बाई म्हणाली, संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. पुन्हा लावला. पुन्हा तेच म्हणाली.

हे असताना मी दुपारी लावायचे. काम आहे म्हणून नाही, जेवायला येताय का एवढंच. ते "हॅलो" कधी म्हणायचे नाहीत. कुणाचाही असो, "बोला, कुठली मोटर?" मी चिडायचे — अहो, नाव बघत जा. ते म्हणायचे, "नाव बघितलं. कुठली मोटर?"

१९ जानेवारी

सगळं लिहून काढते, नाहीतर झोप नाही.

फोन सकाळी सुरूच होईना. तसाच फडक्यात गुंडाळून बोईसरला नेला. रूपलही आली. मी सरळ म्हटलं, निळा द्या.

कमलेशने सिमं आणि कार्ड बाहेर काढलं. म्हणाला, "काकी, खणासाठी निळा घेत असाल तर नका घेऊ. कार्डातलं सगळं मी फोनमध्येच उतरवून देतो. जागा भरपूर आहे. मग राखाडीतही दोन्ही सिमं बसतील. आठवडाभर त्यावर विचार करत होता काय?"

रूपल हसली. मला हसू आलं नाही. आठवडाभर मी त्या खणाआड बसले होते. खण नाही म्हणून नंबर सोडावा लागला असता तर दोष फोनचा असता. किंवा निळा घेतला असता आणि म्हटलं असतं, जागा आहे म्हणून ठेवला. आता दोष कुणालाच देता येईना.

म्हटलं, आवाज कुठल्यात चांगला? वाडीत मोटर चालू असली की ऐकू येत नाही.

तो म्हणाला, "थांबा, दोन्हीत एकेक सिम टाकतो. ह्याच्यावरून त्याला लावा. तुमचा कानच सांगेल."

माझं सिम राखाडीत घातलं. यांचं निळ्यात. राखाडी माझ्या हातात दिला. निळा त्याने काउंटरच्या पार पलीकडे नेऊन ठेवला. सगळ्यांचे नंबर माझ्या सिममध्येच आहेत. शोधून लावला. पडद्यावर आलं — रूपलचे पप्पा.

आणि रिंग गेली.

दोन वर्षांत पहिल्यांदा. कानात वाजत होती आणि पलीकडे काउंटरवर निळा फोन उजळून थरथरत होता. मी ऐकत राहिले. फोन कानाला लावण्याआधीच रूपलने पडद्यावरचं नाव वाचलं होतं, ती दुकानाबाहेर जाऊन पाठ करून उभी राहिली. रिंग वाजतेय, वाजतेय. कमलेश दुसऱ्या गिऱ्हाइकात होता. कुणीच उचलत नव्हतं.

शेवटी तोच धावत गेला आणि उचलला. "हॅलो, हॅलो, काकी, येतोय आवाज?"

मी खुर्चीवर बसले. कमलेशने पाणी दिलं. काय झालं म्हणून त्याने विचारलं नाही, चांगलं केलं.

राखाडी घेतला. माझं सिम आणि दुसऱ्या खणात कार्ड. तो म्हणाला, "कार्ड कशाला, उतरवून देतो ना." म्हटलं, नको, कार्डच राहू दे. यांचं सिम कागदाच्या पुडीत बांधून घेतलं. बाहेर रूपलने डोळे पुसले आणि विचारलं, "निळा का नाही?"

"जड आहे," म्हटलं.

२० जानेवारी

वाणगावला गेले, तिथून पाड्यावर. अंकुशच्या दारात दोन गाठोडी बांधून ठेवलेली. ठकीने, त्याच्या बायकोने, मला बघितलं आणि बाज झटकली, बस म्हणाली नाही. पोर चेन-पुलीच्या साखळीशी खेळत होती. म्हणजे विकली गेली नव्हती.

अंकुश आतून आला. वाळलाय.

मी पुडी पुढे केली. "यांचं सिम आहे. नंबर माझ्याच आधारवर घेतलेला, काही अडचण यायची नाही."

त्याने हात पुढे केला नाही. "आता काय काकी. गाडी ठरली हाय. परवा निघतो."

"त्या दिवशी मी बोलले ते बोलायला नको होतं."

"ते गेलं." मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. भाऊंची आठवण हाय."

"माझ्यापाशी तो नुसता वाजतो रे," म्हटलं. "घिवलीत मिरची सुकतेय कुणाची तरी."

ठकी मधेच म्हणाली, "आता आठवली मिरची. दोन साल आमी काय खाल्लं, ते नाय इचारलं." खरंच बोलली. मी ऐकून घेतलं.

अंकुश तिला गप्प बस म्हणाला नाही. पुडी मी बाजेवर ठेवली, पोरीने उचलून तोंडात घालायला नको म्हणून वर तांब्या ठेवला. ठकीने चहा दिला शेवटी. कोरा, गोड. पिऊन निघाले.

तो घालील की नाही, माहीत नाही. गाठोडी तशीच होती.

घरी आले तर घरात काहीच वाजत नव्हतं. आज पहिल्यांदा हे नाहीत असं वाटलं. दोन वर्षांनी.

२१ जानेवारी

सकाळी अंगण झाडलं. कोंबड्यांना कण्या टाकल्या. चहा उतरवून ठेवला. मग यांचा नंबर लावला. रिंग गेली.

"बोला, कुठली मोटर?"

फोन कानाला धरून विहिरीपाशी गेले. मग म्हटलं, "आपली. चिंचणीची. पाणी ओढत नाही."

"आधी आवाज ऐकवा काकी."

मी स्टार्टर दाबला आणि फोन मोटरीपाशी धरून उभी राहिले.