पत्रिकेत शेवटी आलेल्या मामास

तीर्थस्वरूप सहादेवदादास,

धाकट्या रुपालीचा वाकून नमस्कार. (वाकलं की हल्ली कंबर धरते, तरी पूर्ण वाकले आहे, याची नोंद घ्यावी.)

इकडे नगरला आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझा गुडघा, छबूवहिनींची शुगर आणि घोडेगावच्या बाजारातून आणलेली ती लाथाळ गाय, तिघांचीही तब्येत कळव. गळा कसा आहे ते विचारत नाही, कारण मला सोडून अख्ख्या खर्डा गावाशी तू खणखणीत बोलतोस असं वहिनींनी सांगितलंय. माझा फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलंस, म्हणून हे पोस्टाचं पत्र. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

सुकन्याचं लग्न दहा दिवसांवर आलंय आणि तिचा हात धरून तिला मांडवात आणणारा मामा रुसून खर्ड्यात बसलाय. तेव्हा पत्रिकेत तुझं नाव सगळ्यात शेवटी कसं गेलं ते आता नीट वाच. (चष्मा लावून वाच. वहिनींकडून वाचून घेतलंस तर त्या मधेच हसतील आणि तू आणखी चिडशील.)

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात गेल्या वर्षी एआय आलं. प्राचार्यांनी आम्हा क्लार्क मंडळींना दोन दिवस ट्रेनिंग दिलं. पहिल्या दिवशी मला वाटलं आपली नोकरी चालली. आठवड्याभरात वाटायला लागलं की ही नोकरी आपण एवढी वर्षं उगाच हाताने केली. मीटिंगमध्ये प्राचार्य दोन तास बोलतात (त्यातला एक तास त्यांच्या अमेरिकेतल्या मुलाबद्दल). त्याचं इतिवृत्त हे यंत्र अर्ध्या पानात आणतं आणि मुलगा त्यातून आपोआप गळतो. परीक्षेचं वेळापत्रक, वरच्या ऑफिसला जाणारी पत्रं, सहाशे विद्यार्थ्यांची यादी, सगळं चहा निवायच्या आत तयार. चक्क पाचच्या ठोक्याला घरी येऊ लागले, तर ह्यांना वाटलं मला सस्पेंड केलंय.

तर अशी मी हवेत असताना पत्रिकेचं काम निघालं. दोनशे नावं, दोन्ही घरची, कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहिलेली. मी त्या चिटोऱ्यांचे फोटो काढून यंत्राला दिले आणि सांगितलं, नावं नीट क्रमाने लाव. त्याने लावली. विद्यार्थ्यांची लावतं तशी, अ पासून ह पर्यंत. मी वरवर नजर टाकली, वेलांट्या बरोबर दिसल्या, म्हणून सातशे प्रती छापायला दिल्या. यंत्राचा दोष एवढाच, की आपल्याकडे पत्रिकेतला क्रम म्हणजे काय चीज असते ते त्याला कुणी शिकवलेलं नाही. माझा दोष मोठा, कारण मला ते पाळण्यात असल्यापासून माहीत आहे.

आता परिणाम बघ. सगळ्यात वर ॲड. करण, ज्याने बांधावरून आमच्या सासऱ्यांना कोर्टात खेचलं. त्याला आम्ही बोलावणार होतो ते निव्वळ लोक काय म्हणतील म्हणून. तो आता पत्रिका खिशात घालून गावभर फिरतोय. त्यानंतर सगळ्या कु., त्यांना चिकटून सगळे कै. (आपले आप्पा, माझे सासरे आणि त्यांच्याशी हयातभर न बोललेले त्यांचे चुलते, एका ओळीत), मग चि., मग डॉ., मग श्री. आणि सौ. तुझ्या नावाला अख्खा तालुका मानाने ह.भ.प. लावतो, मग ते कुठे जाणार? समस्त मित्रमंडळाच्याही खाली!

तुझा निरोप वहिनींनी जसाच्या तसा पोचवला. "त्या मशिनलाच सांग म्हनावं पोरीचा हात धरून मांडवात आनायला. आमी लई खालच्या नंबरचे हाय." दादा, मी आधी हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. चुकलं माझं. त्या दिवसापासून मी त्या यंत्राला हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. इतिवृत्तं हाताने लिहिते आहे, प्राचार्यांच्या मुलासकट.

सतरा तारखेला सकाळी आठच्या आत ये. गुडघ्यासाठी खुर्चीची सोय केली आहे.

तुझी चुकलेली बहीण,
रुपाली

ता.क. : हे पत्र माझं मीच लिहिलंय. (आधी यंत्राकडून एक लिहून घेतलं होतं. त्यात "आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" असं आलं. हे म्हणाले, लाईट गेल्यावर असाच मेसेज येतो.)

ता.क. दुसरा : सुकन्या म्हणते, मामा आला नाही तर मी मांडवाच्या दारातच उभी राहीन. ती तुझ्यावर गेलीय, खरंच राहील.

ता.क. तिसरा : सोबत नवी पत्रिका आहे. तुझं नाव सगळ्यात वर, ठळक अक्षरात. यंत्राला हात लावत नाही हे पत्रात खोटं लिहिलं, ही त्याच यंत्राकडून करून घेतली. या वेळी त्याने विचारलं, हे नाव वर का घ्यायचं? मी सांगायला बसले. आप्पा गेल्यावर तू शाळा सोडलीस आणि मला नगरला कॉलेजात घातलंस. तीन वर्षं दर शनिवारी जामखेडच्या एसटीत कंडक्टरजवळ माझा डबा दिलास आणि एकदाही चुकवला नाहीस. लिहिता लिहिता दोन पानं झाली. तुला हे कधी बोलले नव्हते, आधी त्या यंत्राला सांगितलं, याचाही राग येऊ दे, पण तो इथे येऊन काढ.

ता.क. शेवटचा : ही पत्रिका कुणाला दाखवू नकोस. एकच छापली आहे.