नारळावरचे कीर्तन

प्रिय माधवास,

धाकट्या भावाला पत्र लिहिताना आरंभी ‘चिरंजीव’ लिहावे, ही जन्माची सवय. आज तो शब्द लिहिला आणि खोडला. त्या जागी काय लिहावे हे कोणत्याही पोथीत मला आढळले नाही.

लिहितो आहे ते एवढ्याचसाठी, की काल मी एक शब्द देऊन बसलो आहे आणि तुझ्याशी बोलल्यावाचून त्याचा निर्णय करवत नाही.

मला अजून रडू आलेले नाही. तुझ्या दहाव्याला गुरुजी अडखळले तेथे मीच मंत्र पुरविला. एकही स्वर चुकला नाही. त्याचेच नवल वाटते. जेवतो, संध्या करतो, देवळात पुराण सांगतो. श्रोते म्हणतात, नानांनी फार धीराने घेतले. धीर कसला, माधवा? हाताला मुंग्या आल्यावर तो आपला वाटत नाही, तसे काहीसे झाले आहे.

काल पारोळ्याहून अनाथ मुलांच्या वसतिगृहाचे सेठजी आले होते. म्हणाले, “नाना, माधवबुवांच्या नावानं कीर्तन ठेवतो. आरतीत जमेल ते पोरांच्या जेवणाला. तुम्हीच उभे राहा. बिदागी काय ठेवायची?”

मी म्हणालो, “नारळ पुरे.”

किती सहज म्हणालो! सेठजींनी हात जोडले. ओसरीवर तुझा तबलजी सखाराम बसला होता. बुवाने ‘नारळ पुरे’ म्हटले की साथीदारालाही नारळच, ही आपली रीत. ती ठाऊक असून माझ्या ध्यानात आली नाही.

सेठजी गेल्यावर सखाराम म्हणाला, “नाना, पारोळाले मी येसू. बुवास्नं नाव शे, ना कशी म्हनू? पन अमळनेरनं लगीन सोडनं पडी.” मग तबल्याची गवसणी बांधता बांधता, “बुवा व्हतात तवय माले कधी इचारनं पडनं नही.” लढाईच्या महागाईत त्याने लग्नात तबला वाजवण्याची हाती आलेली बिदागी सोडायची, आणि पुण्य मी मिळवायचे?

तेव्हा मला चोपड्याच्या गोरक्षण संस्थेसाठी तू केलेले कीर्तन आठवले. तेथले चिटणीस तुला म्हणाले होते, “बुवा, गाईंचं काम आहे, बिदागी जरा कमी करा.” तू विचारलेस, “कडबेवाल्यानं किती कमी केलं?” ते म्हणाले, “तो कशाला करील? व्यापारी माणूस.” त्यावर तू म्हणालास, “म्हणजे गाईंनी पुण्य फक्त माझ्यासाठीच राखून ठेवलंय म्हणा की.” सगळी मंडळी हसली. मी हसलो नाही. हरिकथेचा हा सौदा मला असह्य झाला होता.

आणि तूच बिदागी पुरती घेऊन, सखारामचा वाटा त्याच्या हाती देऊन, आपला वाटा आरतीच्या तबकात ठेवलास. परतताना मी रागाने विचारले, “द्यायचेच होते तर घेतलेस कशाला?”

“नाना, बिदागी कमी केली की सखारामचंही कमी होतं. माझं मी देईन. त्याचं देणारा मी कोण?”

“हरिकथेला भाव नसतो, माधवा.”

“हरिकथेला नसेल. तबल्याच्या शाईला असतो, मोटारीच्या तिकिटाला असतो.” एवढे म्हणून तू खुशाल डुलक्या घेऊ लागलास. वाद अर्धा टाकून झोपण्याची तुझी खोड मला कधीच आवडली नाही.

पुढल्या वर्षी चोपडेकरांनी नारळावर करणारा दुसरा बुवा बोलाविला, हेही खरे. ज्यांच्याजवळ द्यायला काहीच नाही, त्यांनी हरिकथा ऐकूच नये काय? याचे उत्तर तू दिले नाहीस. आता कोण देणार?

पण एका गोष्टीत शास्त्रानेच मला पुरते बांधून टाकले आहे. ज्यावर आपले स्वत्व, म्हणजे मालकी, नाही ते दिल्याने दान होत नाही. हे मी पुराणात किती वेळा सांगितले असेन. काल मी सखारामची मजुरी दान केली. सखारामला गुपचूप माझ्या दक्षिणेतून द्यावे, असेही मनात आले. पण मग कीर्तन फुकट होते असाच पारोळेकरांचा समज राहील, आणि पुढल्या बुवाच्या तबलजीलाही नारळच मिळेल.

म्हणून तुला वचन देतो. उद्याच्या मोटारीने मी पारोळ्यास जातो. नारळ माझा, सखारामला त्याचा नेहमीचा वाटा, तोही मी उभा राहण्यापूर्वी, असे सेठजींना तोंडावर सांगेन. त्यांनी नाकारले तर तुझ्या नावाचे कीर्तन होणार नाही, आणि मुलांच्या ताटात जे कमी पडेल त्याचा दोष मी माझ्या माथी घेईन. या वयापर्यंत पैशाचा आकडा मी तोंडातून काढलेला नाही. तो कसा काढावा, त्या वेळी समोरच्याकडे पाहावे की खाली, हे तुला विचारून ठेवायला हवे होते.

तुझा थोरला भाऊ,
नाना