ताकाशिवायची आंबील

मंगळवार, संध्याकाळ

दूध-दही सोडून आठ महिने झाले. पोट सारखं बिघडतं, म्हणून डॉक्टर म्हणाल्या, दही नको तर आंबवलेलं दुसरं काहीतरी रोज घेत जा. मी आईला फोनवर सहज बोलले, एवढंच.

आज देवळालीहून मामाबरोबर तिची किटली आली. ज्वारीची आंबील. आमच्या घरी आंबील म्हणजे ताकातलीच. विचारायला काय झालं होतं मला? पण चिडले, हिला सांगायचं तरी किती वेळा, आणि सगळी सिंकमध्ये ओतली. किटली घासून पालथी घातली.

मग तिचा फोन.

"ताक न्हाई घातलं गं. शिजवून गार केली, मग नुसतीच दोन दिस आंबवली. दोनदा नासली, तिसऱ्या खेपेला जमली."

माझी नजर पालथ्या किटलीवर गेली.

"त्यातली वाटीभर मागं ठिवली ना? पुढची तिच्यावरच आंबवायची."

"ठेवलीये," म्हणाले. का म्हणाले?

फोन ठेवून किटली सुलटी केली. आत बोट फिरवलं, वास घेतला. नुसता साबणाचा.