चाळिसावं कार्ड

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या आणि (तुझ्याच मते) अजून न सुधारलेल्या भावाचा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला का? इकडे आम्ही बरे आहोत. साबणाच्या कंपनीत असल्यामुळे निदान स्वच्छ तरी आहोत.

कंपनी बुडतेय हे खरं का, असं तू विचारलं होतंस. बुडत नाही गं, नुसता फेस कमी झालाय. दोन वर्षांपूर्वी वरच्या मंडळींनी कलिंगडाच्या वासाचा साबण काढला. वास आला खोकल्याच्या औषधाचा. लोकांनी तो एकदा अंगाला लावला आणि दुसऱ्यांदा दुकानदाराच्या अंगावर फेकला. परत आलेला माल माझ्या गोदामात छतापर्यंत रचलाय (त्या कोपऱ्यात उंदीरसुद्धा फिरकत नाहीत). मग कंपनी सावरायला नवे साहेब आले. त्यांना आम्ही रंधासाहेब म्हणतो, कारण ते जिथून फिरतात तिथे भुसा पडतो.

गेल्या महिन्यात त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "तुमचं अक्षर सुंदर आहे म्हणे." ताई, बावीस वर्षांत वरच्या मजल्यावरून आलेला हा पहिला चांगला शब्द. मी तिथेच विरघळलो. काम असं, की ज्यांना घरी बसवायचंय त्या चाळीस जणांसाठी निरोपाचे खोके भरायचे, आणि प्रत्येकात 'आपल्या सेवेबद्दल कंपनी कृतज्ञ आहे' असं सुबक लिहिलेलं कार्ड ठेवायचं. कुठे बोलायचं नाही. यादीत नावं मात्र एकोणचाळीस. चाळिसावं? "ते कार्ड कोरं ठेवा. नाव मी घालीन."

इथपर्यंत वाचून तुला जे कळलं, ते मला कळलं नाही. (आई म्हणायचीच, याच्या हाताला वळण आहे, डोक्याला नाही.) मी आठ दिवस त्या कोऱ्या माणसाचा शोध घेत होतो. हिशेबनीस बाईंशी गोड बोललो, तर धास्तीने त्यांचं जेवण सुटलं. फाटकावरच्या पहारेकऱ्याला म्हटलं, "काही झालं तरी खचायचं नाही," तर तो त्याच दुपारी रजा टाकून घरी गेला. शेवटी मी ठरवलं, ज्याचं नाव घ्यायला साहेबांनाही जड जातंय तो नक्की त्यांच्या पुढेपुढे करणारा कुणीतरी असणार. यादीतली माणसं माझी होती, वर्षानुवर्षं एका टेबलावर डबे खाल्लेली. त्यांच्या खोक्यांत मी आमचा जुना गुलाबाचा साबण घातला, ठरल्यापेक्षा दोन दोन वड्या जास्त. पॅकिंगच्या मावशींचं कार्ड तीनदा लिहावं लागलं. आणि कोऱ्या कार्डाच्या खोक्यात काठोकाठ कलिंगड भरलं. म्हटलं, भोग लेका.

काल वाटप झालं. मावशी कार्ड वाचून म्हणाल्या, "काय अक्षर आहे रे! जा म्हटल्यासारखं वाटतच नाही." मग हळूच, "आणि तुझं?"

"मी कुठे जातोय? गोदाम कोण बघणार?" मी म्हटलं.

तेव्हा माझी काळजी करू नकोस. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता.क. गोदाम कुणीच बघायचं नाही असं ठरलंय. ते विकायला काढलंय. चाळिसाव्या कार्डावर साहेबांनी माझं नाव घातलं, तेही गिचमिड अक्षरात. एवढ्या छान कार्डाची वाट लावली.

आणखी एक. तुझ्या लग्नात भावोजींनी मला हार्डवेअरच्या दुकानात ये म्हटलं होतं, आणि मी चार लोकांत म्हणालो होतो, "खिळे मोजायला का जन्मलोय?" ते विसरले असतील, तर जागा आहे का विचार. विसरले नसतील तर सांग, मोजतो.

आणि हे शेवटचं. हिच्याजवळ अजून काही बोललो नाही. खोका घरी नेला, बक्षीस मिळालं म्हणून सांगितलं. हिने वडी हुंगली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "छान आहे वास." ताई, त्या वासाला आजवर कुणी छान म्हटलेलं नाही. सकाळी हिने त्याच साबणाने आंघोळ केली आणि रोजच्यासारखा डबा भरून हातात दिला. तो मांडीवर ठेवून, बागेतल्या बाकावर बसून तुला लिहितोय. अजून उघडलेला नाही.