पॅनेलवरचा हार

सोलापूर
मंगळवार, ८ जुलै २०२५

चि. चंद्रिका हिस आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस आणि तुझा राजीनामा शनिवारी संस्थेच्या बैठकीत ठेवायचा आहे, म्हणून हे पत्र लिहावं लागलं. दुधनीला सगळे बरे असतील. आईच्या गुडघ्यांना उतार पडला असेल. इकडे अजून उकाडाच आहे.

मुद्द्यावर येते. डिजिटल फळ्याचं आपलं नवं पॅनेल तू बिघडवलेलं नाहीस. ते बिघडलेलंच नव्हतं.

उद्घाटनाची पूजा झाल्यावर शिपाई वीरभद्रप्पानं पॅनेलला झेंडूचा हार घातला. मीच सांगितलं होतं. नवी वस्तू हाराशिवाय वापरायची नाही ही आपल्या शाळेची रीत. पाण्याच्या टाकीलाही आपण घातला होता. मग चार शाळांचे शिक्षक समोर बसले, तू अपूर्णांक घेतलेस आणि पानं आपोआप उलटू लागली. मागून कुणी तरी बोललं, "बाई, तुमच्यापेक्षा तुमच्या पॅनेललाच लई घाई हाय की!" सगळे हसले. संस्थेच्या मागे लागून पॅनेल घ्यायला लावणारी तूच, त्यामुळे ते हसणं तुला लागलं. खडू घेऊन तू तास पुरा केलास आणि मागच्या आठवड्यात सोमवारपासून आलीच नाहीस.

काल पॅनेल कंपनीकडे परत पाठवायचं म्हणून मी हार काढायला सांगितला. वीरभद्रप्पा म्हणाला, "पूजेचा हार हाय बाई, असा कसा काढायचा?"

"तो पडदा आहे, देव नाही."

"मग त्या दिवशी नारळ कुणापुढं फोडला म्हणायचा?"

मीच खुर्चीवर चढून काढला. ते जाण्याआधी एकदा बघावं म्हणून बटण दाबलं, तर पॅनेल सरळ चालू लागलं. पुन्हा हार घातला, पंखा लावला. पानं उलटू लागली. भौतिकशास्त्र शिकलेल्या बाईला हे आधी कळायला हवं होतं. चौकटीतून न दिसणारा प्रकाश उभा-आडवा जातो, बोटानं तो अडला की पॅनेलला स्पर्श कळतो. वाऱ्यानं हलणारा हार म्हणजे त्याच्या दृष्टीनं बोटंच बोटं! आज प्रार्थनेनंतर सगळ्या शिक्षकांना मी हे करून दाखवलं. वीरभद्रप्पानं हात जोडले. हाराला की पॅनेलला, कळलं नाही.

एवढं कळवलं की माझं काम संपलं. निर्णय तुझा आहे, मी भरीस घालणार नाही.

जगदेवीबाईंचा निरोप तेवढा देते. भूगोलाच्या तासाहून आल्या त्या तणतणतच: "शनिवारी आमाला आता कोण शिकवणार? आत्ता कुटं मला नकाशा मोठा करता यायला लागलाय, तर ही निघाली!" पॅनेल येण्याआधीपासून दर शनिवारी तू शिक्षकांना लॅपटॉपवर शिकवायचीस, तेव्हा करून ठेवलेले व्हिडिओ त्या रोज बघतात.

मीही बघते. शाळा सुटल्यावर, दार लावून. त्यात एके ठिकाणी तू म्हणतेस, "चुकलं तर मागे जा, काही मोडत नाही." ते मी पुन्हा पुन्हा लावलं. मला असं कधी कुणी सांगितलं नव्हतं. आज सातवीला परावर्तन पॅनेलवर शिकवलं. आरसा काढायला गेले तर वर्तुळ उमटलं. मुली हसल्या. मी मागे गेले, पुन्हा काढला. घंटा झाली तरी कुणी जागचं हलेना.

एकतीस तारखेला मी निवृत्त होते. त्यानंतर पॅनेलवर कपडा पडू नये, शनिवारचा शिक्षकांचा तास बंद पडू नये, एवढंच वाटतं.

एवढंच नाही. तू परत यावीस असं वाटतं. हे मला फोनवर बोलता आलं नसतं, तेव्हा उचलला नाहीस ते बरंच झालं.

त्याच चार शाळांना शनिवारी सकाळी साडेदहाला पुन्हा बोलावलं आहे. अपूर्णांकच घ्यायचे आहेत. हार या वेळी दाराला घालायचा, असं वीरभद्रप्पाशी ठरलं आहे. तो उद्या बहिणीकडे दुधनीला येतो आहे, त्याच्याबरोबर हे पाठवते.

तुझी वाट पाहणारी,
वैजयंती
(मुख्याध्यापिका, या महिनाअखेरपर्यंत)

वीरभद्रप्पाच्या हाती दिले:
१. तुझा राजीनामा. आवक नोंद केलेली नाही.
२. पॅनेलचे पेन, दोन.
३. पॅनेलच्या खोलीची किल्ली. दुसरी किल्ली नाही.