भागीबाईची उलटतपासणी

नाशिक,
११ फेब्रुवारी २०२५

प्रिय आफिया,

सलाम. धुळ्याच्या लॉ कॉलेजात शिकवायला लागलीस, हे आपल्या वर्गातल्या नसीमकडून कळलं. अम्मींचे गुडघे कसे आहेत? इथे थंडी अजून रेंगाळते आहे. माझं ऑफिस आता कॉलेज रोडला आहे, बरं चाललंय.

काल एक केस जिंकले. अशिलाकडचे पेढे तसेच टेबलावर पडून आहेत.

दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत पुंजा नावाचा मजूर ट्रॅक्टरखाली सापडून मेला. आरोपी बागमालकाचा मुलगा, माझा अशील. त्याचं नाव तुलाही सांगणार नाही. पहिल्याच भेटीत दार लोटून घेत तो म्हणाला होता, "मॅडम, चालवत मीच होतो. सुटेन ना मी?" खरं तर एवढंही तुला सांगायचा मला अधिकार नाही.

पाहणारी एकटीच. पुंजाची आई, भागीबाई. पेठ तालुक्यातून लेकाबरोबर छाटणीला आलेली. मी तिला फक्त प्रश्न विचारले. ऊन समोरून येत होतं का? चष्मा लागलाय ना? मध्ये वेली होत्या ना? धूळ उडाली होती ना? तिची सगळी उत्तरं खरी आणि सगळी माझ्या कामाची. शेवटी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या. तुमी म्हनता तर नसंल दिसलं मला."

ते तसंच जबानीत उतरलं.

आपलं भांडण यावरूनच झालं होतं. वकील आधी माणूस, असं तू म्हणायचीस. मी म्हणायचे, निवाडा न्यायाधीशाने करावा. मीच अशिलाला दोषी ठरवलं, तर कोणाचीच बाजू कोणी मांडणार नाही. ते मला आजही पटतं गं. त्रास त्याचाच होतोय.

निकालानंतर भागीबाई जिन्यापाशी उभी होती. वाटलं, आता शिव्या देईल. तिने माझा हात धरला, अगदी हळू. "बाई, मंग ट्रॅक्टरवर कोन व्हतं? माझ्या डोळ्यांना अजून त्यो मालकाचा पोरगाच दिसतो. तुमाला ठावं असंल."

गप्प राहता आलं असतं. 'मला बोलता येणार नाही,' एवढं तरी म्हणता आलं असतं. तू वर्गात हेच शिकवत असशील.

मी म्हणाले, "मला माहीत नाही, मावशी."

तिने मान हलवली. तिला ते खरं वाटलं.

कोर्टात मी एकही खोटं वाक्य बोलले नव्हते, आफिया.

उत्तर पाठव. रागाचं पाठवलंस तरी चालेल. फक्त माझं काही चुकलं नाही, असं लिहू नकोस.

अजून तुझीच असेन तर,
मृण्मयी