तळ्याकडची बाजू

माय, परवा तुझ्या नातीबरोबर करडी गावाच्या पलीकडं तळ्यांवर पक्षी बघायला गेले होते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पाखरं पाहाले कोनी पेट्रोल जाळते का?" आता जाळतात, माय. कोजागिरी होऊन गेली होती, हलका, लवकर पिकणारा धान कापणीला आला होता. बदकं अजून उतरली नव्हती, म्हणून पोरगी हिरमुसली. तेवढ्यात तळ्याच्या पाळीखाली, धानाच्या बांधीशेजारी सारसांची जोडी दिसली. आता सारस दिसणं म्हणजे नशीबच. पण ती दोघं चरत नव्हती. मान ताणून धानाकडं बघत ओरडत होती, आणि त्या धानाभोवती हार्वेस्टर गोल गोल फिरत होतं.

पोरीनं दुर्बीण लावली आणि मला जवळ ओढलं. "आई, पिल्लू आत आहे." चारही बाजूंनी कापत आणल्यामुळं मधे खळ्याएवढाच धान उरला होता. मोकळ्यावर यायला ते घाबरत असणार, अजून उडताही येत नसणार. माझे गुडघे तुला माहीत नाहीत, जिना चढतानाही कुरकुरतात. तरी मी पाळ उतरून धसकटांतून धावले आणि मशीनसमोर हात पसरून उभी राहिले. ड्रायव्हर वरून हिंदीत खेकसला. शेताचा मालक धावत आला. शिवी देणार होता, पण माझे पांढरे केस पाहून त्यानं ती गिळली.

"बाई, आभाळ पाहा ना. पानी आला तं धान आडवा होते. मंग मी काय पाखरं खाऊ?"

त्याचं खोटं नव्हतं. हातातोंडाशी आलेला घास होता तो, आणि उत्तरेकडून काळं चढत होतं. मला त्याचा राग येईना, म्हणून जास्तच भीती वाटली. तो म्हणाला, "एक बिडी होईपर्यंत थांबतो." मशीन बंद झालं. सारस ओरडत राहिले, धान हलला नाही. तुझी नात पिल्लाला उचलून आणायला तळ्याच्या बाजूनं निघाली.

आणि मला आपली बांधी दिसली. तू वाकलेली आहेस, बाया ओळीनं रस्त्याकडून कापत येताहेत. मला ऊन लागतंय म्हणून मी तळ्याकडून विळा लावते, तिथं गार असतं. तू येऊन माझं मनगट धरतेस. जोरात. काहीतरी सांगतेस, ओठ हलताना दिसतात, आवाज येत नाही. मला रडू येतं, बायांसमोर तर जास्तच. संध्याकाळी तू मला गूळ-पोहे देतेस.

मी पोरीचं मनगट तसंच धरलं आणि ओरडले, "वाट बंद नोको करू. ज्याले पळाचं हाय त्याले पळू दे."

मालकानं माझ्याकडं पाहिलं, बिडी पायाखाली चिरडली आणि ड्रायव्हरला रस्त्याकडून तळ्याकडं कापत घ्यायला सांगितलं, हळू. आम्ही सगळे तळ्याची बाजू सोडून मागं झालो. मशीन आत शिरलं. एक पट्टा गेला, दुसरा गेला. काही निघेना. पोरीनं डोळे मिटून घेतले. मी मिटले नाहीत, का ते सांगता येत नाही. शेवटचा पट्टा उरला तेव्हा तांबूस डोक्याचं एक लांबटांगं पोर धानातून निघालं आणि धडपडत पाळीकडं पळालं. आईबाप त्याला मधे घेऊन पाण्यात उतरले. मग थेंब आले. आम्ही दोघींनी मालकाबरोबर ट्रॉलीवर ताडपत्री ओढली.

परतताना पोरगी मनगट चोळत हसली. "आई, तू असं बोलतेस?" घरात मी कधी तसं बोलले नाही, तिला कुठून माहीत असणार.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, राहील उशीखाली. एक सांगून टाकते. तुझा आवाज मला आठवतो, असं मी सगळ्यांना सांगत आले. खरं तर तो मी केव्हाच विसरले होते, माय. परवा तो माझ्याच तोंडून निघाला, म्हणून ओळखला.